पानिपतचे सरपण

सध्या पोस्टिंग दिल्लीला आहे. जानेवारीच्या रात्री गार्ड तपासायला निघालो की पूर्वी शेकोटीभोवती बसलेले जवान दिसत. आता हवा बिघडली की उघड्यावर लाकूड जाळायला बंदी असते, म्हणून गार्डरूममध्ये विजेचा हीटर. परवा साताऱ्याकडचा एक हवालदार हात चोळत म्हणाला, "साहेब, गावाकडं आंब्याचं वाळकं खोड पेटवलं की रात्र निघती. हितं पाठ तापती, पाय गारच."

हसलो खरा, पण इथून जेमतेम नव्वद किलोमीटरवर असलेले पानिपत आठवले.

पानिपतावर आपली उपासमार झाली हे शाळेपासून ऐकत आलो. सरपणाबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही. भाऊसाहेबांची छावणी नोव्हेंबर १७६० च्या आरंभापासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत, म्हणजे सुमारे ७५ दिवस तिथे अडकून होती. शिपाई, बुणगे, बायकामुले धरून माणूस लाखाच्या घरात. रोज माणशी अर्धा किलो लाकूड धरा. दिवसाला ५० टन झाले, ७५ दिवसांचे पावणेचार हजार टन. हा हिशेब नुसत्या चुलीचा. शेकोटी त्यात नाही, आणि दख्खनच्या माणसाला ती थंडी सोसणारी नव्हती.

हे लाकूड आणायला रात्री 'कही' बाहेर पडे. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने अशा एका रात्रीची हकिकत लिहून ठेवली आहे. छावणीतले सुमारे वीस हजार बुणगे लाकडासाठी लांबच्या जंगलात गेले होते. गस्तीवरच्या शहा पसंद खानाच्या पाच हजार स्वारांशी त्यांची गाठ पडली. स्वारांनी त्यांना घेरून कापून काढले. छावणीतून मदतीला कोणी आले नाही. आकडा फुगवलेला असेल, पण त्याचा दहावा भाग खरा मानला तरी ती दोन हजार माणसे मोळीसाठी मेली.

आपल्या राज्यकर्त्यांना सरपणाचे मोल ठाऊक नव्हते असे नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या घोडदळाच्या छावणीला पाठवलेल्या पत्रात, रयतेकडून दाणा-गवताबरोबर फाटेही उचलू नका, अशी ताकीद आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर दोन बाजू आहेत. रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. जीर्ण झाड घ्यायचेच असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे. गडावर मात्र आंबा, फणस, चिंच अशी झाडे मुद्दाम लावावी आणि जपावी, प्रसंगी त्यांचे लाकूडही कामी येते. फळझाड म्हणजे वेढ्यातली शेवटची शिबंदी, असा तो विचार आहे. पानिपतावर छावणी होती, पण गड नव्हता. मागे लावलेले एकही झाड नव्हते.

पानिपतला गेलात तर 'काला अंब' पाहाल. लढाईच्या जागी आंब्याचे झाड होते, रक्ताने त्याचा रंग काळवंडला, अशी लोककथा. पुढे ते वाळले, त्याच्या लाकडाचे दरवाजे घडवले गेले आणि आज त्या जागी स्मारक आहे. मी तिथे उभा राहिलो तेव्हा रक्ताआधी दुसराच प्रश्न मनात आला. ७५ दिवस कुडकुडणाऱ्या लाख माणसांच्या इतक्या जवळचे हे आंब्याचे झाड वाचले कसे? कथा खरी असेल तर उत्तर एकच दिसते: आपली कुऱ्हाड तिथवर पोहोचू शकत नव्हती. वेढा किती आवळला होता हे ते उभे झाडच सांगत होते.

उंचावरच्या पोस्टवर असताना मी रोज संध्याकाळी रॉकेलचे जेरीकॅन स्वतः मोजत असे. पोरे हसत, "साहेब गोळ्यांपेक्षा रॉकेल जास्त मोजतात." खडकवासल्याला पानिपतच्या तोफा आणि गोल शिकलो. जळणाचा हा हिशेब मात्र बर्फाने शिकवला.

परवा त्या हवालदाराला आणखी एक हीटर मिळवून दिला.