रूळ संपतात तिथे

खेळण्यातल्या रेल्वेच्या सेटमध्ये इंजिन, डबे आणि रूळ यांच्याबरोबर एक लाल प्लास्टिकचा अडसर मिळतो. रूळ संपतात तिथे तो बसवायचा. त्याचं नाव बफर स्टॉप. मुंबईचा लोकलवाला त्या जागेला ‘डेड एंड’ म्हणतो. मुलांना त्याचं काही नसतं. पण हुबेहूब छोटं स्टेशन उभारणारे हौशी लोक नेमके इथे अडतात. तो अडसर काही केल्या खरा वाटत नाही.

कारण खरा अडसर बहुधा जुन्या रुळांचाच असे. झिजलेले रूळ वाकवून उभे करायचे, मागून तिरके टेकू द्यायचे, पुढे जाड लाकडी तुळई बोल्टने आवळायची आणि तिला लाल रंग फासायचा. आडबाजूच्या यार्डात तर नुसता मातीचा ढीगही चाले. म्हणून मॉडेल करणाऱ्यानेही उरलेल्या रुळाचे तुकडे वाकवून डाग द्यावा, हे उत्तम. तयार किट घेतला तरी उंची मोजावी. आपल्या ब्रॉडगेजवर बफरचा मध्य रुळापासून जास्तीत जास्त १,१०५ मिलिमीटर उंच असतो. १:८७ प्रमाणात तो पावणेतेरा मिलिमीटरही भरत नाही. मग गंजाचा रंग द्यावा. नवा कोरा अडसर फार तर नव्या स्टेशनात शोभेल!

एवढा खटाटोप ज्याच्यासाठी, तो अडसर भरधाव गाडी मात्र थांबवू शकत नाही. हे पॅरिसने २२ ऑक्टोबर १८९५ रोजी पाहिलं. ग्रँव्हिलहून उशिरा आलेली एक्स्प्रेस माँपार्नास स्टेशनात वेगाने शिरली, एअर ब्रेकने दगा दिला. इंजिन अडसर मोडून, फलाटापुढचं आवार ओलांडून, भिंत फोडून खालच्या रस्त्यावर नाकावर उभं राहिलं. पडत्या दगडांखाली रस्त्यावरची एक स्त्री दगावली. त्या इंजिनाचं छायाचित्र जगभर गाजलं. त्या बाईची आठवण क्वचितच निघते.

पुढे मोठ्या टर्मिनसांत तेल-पाण्याच्या दाबावर धक्का झेलणारे हायड्रॉलिक अडसर आले. लंडनच्या मूरगेट भुयारी स्टेशनात तसा अडसर होता, त्याच्या अलीकडे वाळूही होती. तरी २८ फेब्रुवारी १९७५ रोजी गाडी न थांबता भिंतीवर आदळली आणि ४३ माणसं गेली. मोटरमनने ब्रेक का लावला नाही, हे चौकशीतही उलगडलं नाही. त्यानंतर तिथल्या भुयारी रेल्वेने अडसरावरची भिस्त कमी केली. शेवटच्या फलाटात ठरल्यापेक्षा जास्त वेगाने शिरणारी गाडी आपोआप थांबावी, अशी यंत्रणा बसवली.

आपल्याकडे २८ जून २०१५ रोजी चर्चगेटला लोकल अडसर तोडून फलाटावर चढली. पाच जण जखमी झाले. रविवार होता म्हणून निभावलं.

जाणते हौशी लोकही आपल्या टेबलावर हेच करतात. अडसराच्या वीतभर अलीकडे रुळातला वीजप्रवाह तोडून ठेवतात. इंजिन तिथेच थांबतं आणि मेहनतीने गंजवलेल्या त्या लाल तुळईला कधी धक्काही लागत नाही.