डिझेलला गॅसची जोड : एक जुना हिशेब

मालमोटारीच्या धंद्यात सगळा नफा-तोटा एका शब्दावर येऊन थांबतो. तो शब्द म्हणजे ‘ॲव्हरेज’. इंग्रजीत त्याचा अर्थ सरासरी, पण आपल्या ड्रायव्हरच्या तोंडी तो लिटरमागे किती किलोमीटर, एवढाच. भरलेला मोठा ट्रक लिटरला तीन-चार किलोमीटर देतो, आणि फेरीच्या खर्चातला सर्वांत मोठा घास डिझेलच घेते. म्हणून डिझेलच्या जोडीला दुसरे काही स्वस्त जाळून भागेल का, हा प्रश्न गॅरेजच्या बाकड्यावर सतत चर्चेत असतो. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात त्याचे एक उत्तर विकतही मिळते. डिझेल ट्रकला प्रोपेन गॅसची टाकी जोडायची आणि थोडा गॅस इंजिनात सोडायचा.

हे होते कसे, ते आधी पाहू. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवेला तिच्या मूळ जागेच्या सोळाव्या-अठराव्या भागात दाबतो, तेवढ्याने हवा इतकी तापते की तिच्यात उडालेला डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. प्रोपेन असा सहजी पेटत नाही. म्हणून तो हवेबरोबर आत सोडतात आणि डिझेलचा फवारा पेटला की त्या ज्वाळेवर गॅसही जळतो. डिझेल इथे काडेपेटीचे काम करते. प्रमाण सुटले आणि गॅस जास्त झाला, तर तो एकदम भडकतो, इंजिन ठोकू लागते आणि पिस्टनची वाट लागते.

आता पैशाचा हिशेब. एक लिटर द्रवरूप गॅसमध्ये एक लिटर डिझेलच्या साधारण ७० टक्के उष्णता असते. म्हणजे डिझेल ९० रुपये लिटर धरले, तर गॅस ६३ रुपयांच्या खाली मिळाला तरच काही सुटणार. टाकी आणि जोडणीचा खर्च निराळा. हे लक्षात ठेवावे, कारण या बचतीत इंजिनाची करामत थोडी आणि दोन इंधनांच्या भावांतला फरक फार.

कल्पना मात्र इंजिनाइतकीच जुनी आहे. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला यशस्वी झाले. त्याने सुरुवातीला दगडी कोळशाच्या भुकटीचाही विचार केला होता. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले. आपल्याकडे तेव्हा ते तेल आमटीच्या फोडणीला होते!

आपल्या लोकांनी पर्यायी इंधन खऱ्या अर्थाने पाहिले ते दुसऱ्या महायुद्धात. पेट्रोलचे रेशनिंग आले होतेच. त्यात १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला. येनानज्याँगच्या तेलविहिरी माघार घेणाऱ्या इंग्रजांनी स्वतःच उद्ध्वस्त केल्या आणि भारताकडे येणाऱ्या तेलाचा एक मोठा झराच आटला. मग मोटारींच्या पाठीवर लोखंडी भट्ट्या चढल्या. हीच ती कोळशाची मोटार, जिच्या गोष्टी माझ्या पिढीने वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या.

भट्टीत लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत जाळायचा. त्यातून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा हायड्रोजन हे जळणारे भाग. उरलेला जवळजवळ निम्मा वायू हवेतला नायट्रोजन, म्हणजे नुसते ओझे. हा वायू गाळून, थंड करून पेट्रोलच्या इंजिनात घ्यायचा. सकाळी गाडी निघण्याआधी क्लीनरने पंखा फिरवून भट्टी फुलवायची, वाटेत कोळसा टाकायचा, राख काढायची, गाळण्या झाडायच्या. एवढे करून इंजिनाची ताकद एक तृतीयांशाने, कधी निम्म्याने उतरायची. घाट आला की उतारू खाली उतरत आणि रिकामी मोटार वर जाई. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि त्याचा बंद जागेत कोंडलेला वायू माणसाचा जीव घेतो. भट्टीशी रोज खेळणारा होता तो क्लीनर. पेट्रोल वाचले खरे. पण त्याची किंमत त्या पोराच्या छातीने आणि आपल्या जंगलांनी मोजली, असे मला वाटते. युद्ध संपून पेट्रोल मिळू लागले तशा या भट्ट्या भंगारात गेल्या.

डिझेल आणि गॅस एकाच वेळी जाळण्याचा प्रामाणिक प्रयोग पुढे सातारा जिल्ह्यात, फलटणला झाला. १९७३ आणि १९७९ च्या तेलटंचाईने जग हादरले होते. निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडापासून गॅस करणारी भट्टी पाच अश्वशक्तीच्या डिझेल पंपाला जोडली आणि १९८९ मध्ये त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. अशा जोडणीत डिझेल फक्त पेटवण्यापुरते लागते, बाकीचा भार गॅस उचलतो. पण लाकडाचे बारीक तुकडे करा, डांबरासारखा चिकटा साफ करा, हे कोण करत बसणार? विजेचा पंप बटण दाबले की चालतो. वीज नसते तेव्हा तो चालत नाही, ही गोष्ट वेगळी.

गॅरेजमध्ये मात्र मिसळायला निराळेच इंधन हाताशी होते : रेशनचे रॉकेल. ते निळे रंगवलेले असे ते ओळखू यावे म्हणूनच. २०११ च्या सुमारास ते बारा-तेरा रुपये लिटर होते आणि डिझेल चाळीसच्या घरात. या फरकात एक अख्खा काळा धंदा उभा राहिला. मराठवाड्यात इंधन मुख्यतः मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून टँकरने येते. २५ जानेवारी २०११ रोजी तिथल्याच रस्त्यावर मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी भेसळीचा अड्डा पाहिला आणि ते थांबले. त्यांना भरदिवसा रॉकेल ओतून जिवंत जाळले गेले. राज्यभरातले सरकारी कर्मचारी त्यानंतर काम बंद ठेवून रस्त्यावर उतरले होते. त्या दिवसांत आमच्या शहरातल्या पंपावर डिझेल भरणाऱ्या कुणाला ते डिझेल कोणत्या रस्त्याने आले असा प्रश्न पडला असेल? मला तरी तेव्हा पडला.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोडले गेले. रॉकेलचे अनुदानही टप्प्याटप्प्याने गेले आणि त्या भेसळीतला नफा आटला. गॅसचे तसे झाले नाही. वाहनांत एलपीजी वापरायला कायद्याने परवानगी मिळाली ती २००० साली, आणि तीही ठरलेल्या टाकीतून, ठरलेल्या पंपावर भरून. घरातले तांबडे सिलिंडर १४.२ किलोचे, हॉटेलचे निळे १९ किलोचे. दोघांतला गॅस एकच, भाव दोन. तांबड्यातला गॅस गाडीच्या टाकीत उतरवणारे म्हणूनच दाट वस्त्यांत बसतात. एक छोटी मोटर, एक नळी, उलटे टांगलेले सिलिंडर. हवेपेक्षा जड असलेला हा गॅस गळला की जमिनीलगत पसरतो, शेजारच्या घरातल्या चुलीपर्यंत.