नागनिकेचं पाणी

नागझिरा या जंगलाच्या नावाची फोड करायला कुणा पंडिताची गरज नाही. झिरा म्हणजे डोंगराच्या कुशीतून बारमाही पाझरणारं पाणी, आणि पोंगेझऱ्याला ते आजही पाझरतं. नाग म्हणजे जंगलाच्या मधोमध असलेल्या देवळातला नाग. जवळच नागठाणा नावाचं एक गावही होतं. गोंदिया आणि भंडाऱ्याच्या हद्दीवरच्या या टापूत पाण्यावरून पडलेली नावं पावलोपावली भेटतात. पिटेझरी, मंगेझरी ही त्यांतलीच. पण त्या नावांत नुसतं पाणी आहे, नागझिऱ्यात पाण्याला धनी आहे. झरा वाहतो तो कुणाच्या तरी राखणीत, आणि ती राखण नागाकडे आहे, ही समजूत त्या चार अक्षरांत मुरलेली आहे. हीच समजूत मराठी मुलखातल्या मुलीच्या एका फार जुन्या आणि आज फार विरळा ऐकू येणाऱ्या नावातही आहे, असं मला वाटतं. ते नाव नागनिका. त्याचा अर्थ सहसा ‘नागकन्या’ किंवा ‘नागवंशातली मुलगी’ असा सांगून मोकळं होतात. पुरावा मात्र थोडा वेगळा बोलतो.

नागनिका ही सातवाहन राजा पहिल्या सातकर्णीची राणी, एका महारठी सरदाराची लेक. नवऱ्याच्या माघारी लहान मुलांच्या वतीनं तिनं राज्य सांभाळलं. जुन्नरजवळच्या नाणेघाटातला मोठा ब्राह्मी लेख प्रामुख्यानं तिच्यामुळे ओळखला जातो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला हा लेख अभ्यासक ब्यूलरनं १८८३ साली नीट वाचून छापला. त्यात अश्वमेध-राजसूयासारख्या यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणांची लांबलचक यादी आहे. त्याच लेण्यात राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता त्यांची पावलं तेवढी उरली आहेत, पण वरची नावं शाबूत आहेत. आणि गंमत अशी की तिथं राणीचं नाव ‘नागनिका’ असं नाहीच, ‘नायनिका’ असं आहे. यात गोंधळ काही नाही. दोन स्वरांच्या मधला ग प्राकृतात झिजतो आणि त्याच्या जागी य ऐकू येतो. नगरचं नयर झालं आणि त्याचं पुढे नेर झालं, म्हणून तर आपल्याकडे संगमनेर आणि पारनेर आहेत. नागनिकेची नायनिका झाली ती याच वाटेनं. राजाराणीच्या जोडनावाच्या चांदीच्या नाण्यावर तिचं नाव ग सकट येतं, त्यामुळे मूळ शब्द नागच, याबद्दल शंका राहत नाही.

शंका आहे ती कुठला नाग याबद्दल. संस्कृतात नाग म्हणजे साप तसा हत्तीही. नाणेघाटाच्या लेखात राणीला ‘नागवरदायिनी’ असं एक विशेषण लावलं आहे, आणि त्याचा अर्थ ‘उत्तम हत्ती दान करणारी’ असाही लावता येतो. यज्ञांच्या दक्षिणेत हत्ती आहेतच, तेव्हा हा आक्षेप हवेत सोडलेला नाही. पण विशेषण वेगळं आणि पाळण्यात ठेवलेलं नाव वेगळं. नावाचा अर्थ त्याच थरातल्या, त्याच घडणीच्या इतर नावांशेजारी ठेवून पाहावा लागतो. बेडशाच्या लेण्यात सामडिनिका नावाची महारठिनी आहे. कान्हेरीत एका महाराजाची मुलगी आणि महारठीची बायको आहे, तिचं नाव नागमूलनिका. म्हणजे शेवटचं ‘निका’ हे महाभोज-महारठी अशा सरदारांच्या घरातल्या बायकांच्या नावांचं लाडकं शेपूट दिसतं, आजच्या ‘श्री’ किंवा ‘जा’ सारखं. खरी मेख आहे ती या नागमूलनिकेच्या मुलाच्या नावात. तो खंदनागसातक, म्हणजे स्कंद आणि नाग. कर्नाटकातल्या बनवासीच्या लेखात चुटु घराण्यातली एक राजकन्या आहे, शिवखंदनागसिरी. शिव, स्कंद, नाग आणि शेवटी श्री. एका मुलीच्या नावात देव ओळीनं मांडले आहेत. शिव आणि स्कंदाच्या पंगतीत हत्ती बसत नाही. तिथला नाग पूजेतला आहे, आणि त्याच रिवाजाच्या घरातल्या नागनिकेतला नागही तोच मानणं सरळ आहे. देवाच्या नावानं मुलगी ठेवणं हे आपल्याला काही नवीन नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. नाग हे एका कुळाचं, एका लोकसमूहाचं नाव होतं आणि नागनिका म्हणजे त्या कुळातली लेक, असं बरेच जण म्हणतात. विदर्भात तर या म्हणण्याला मोठा आधार आहे. रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून, म्हणजे आजच्या नगरधनहून, वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिनं दिलेल्या ताम्रपटात तिची आई कुबेरनागा नागकुळात जन्मल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. १५ ऑक्टोबर १९५६ला नागपूरच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही धर्मांतरासाठी हे शहर का निवडलं हे सांगताना बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचा दाखला दिला. त्यानंतर नागसेनसारखी नावं विदर्भातल्या घराघरांत नव्या अभिमानानं आली. तेव्हा नागकुळं होती, यात वाद नाही. पण नागनिकेच्या बाबतीत नाणेघाटाचा लेख स्वतःच आडवा येतो. तिच्या माहेरच्या महारठीला त्यात ‘अंगियकुलवर्धन’ म्हटलं आहे. कुळ सांगायची वेळ आली तेव्हा लेख कोरणाऱ्यानं अंगिय सांगितलं, नाग नाही. आणि कुबेरनागेचंही नाव बारकाईनं पाहिलं तर त्यात कुबेर आधी आहे, म्हणजे तीच देवांची ओळ. कुळानं आपल्या दैवताचं नाव घेतलं असेल आणि मुलीनंही. मुलीच्या नावातून थेट कुळ काढणं मात्र घाईचं होईल.

मग हे दैवत राजघराण्यातल्या बायकांना एवढं जवळचं का वाटावं? याचं उत्तर बनवासीच्या त्याच राजकन्येनं दगडात ठेवलं आहे. तिचं दान काय होतं? एक नाग, एक तळं आणि एक विहार. पाच फण्यांच्या नागाच्या शिळेवरच हा लेख कोरलेला आहे. जिच्या नावात नाग, ती नागाबरोबर पाणी देते. बेडशाच्या सामडिनिकेचा लेखही पाण्याच्या टाक्यावरच आहे. पुढे पाचव्या शतकात वाकाटकांचा मंत्री वराहदेव अजिंठ्याचं सोळावं लेणं खोदतो, आणि त्याच्या लेखात पाण्याचं टाकं आणि नागराजाचं स्थान यांचा उल्लेख एका दमात येतो. पायऱ्यांशी कोरलेला तो नागराज आजही तिथं बसलेला आहे. नागझिऱ्याच्या बाजूला सरकलं तर वैनगंगेकाठचं पवनी लागतं. तिथं १९६९-७० साली शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी स्तूप खणला, त्यात पाच फण्यांचा नाग निघाला आणि त्यावर मुचलिंद नागाचं नाव लिहिलेलं होतं. भर पावसात बुद्धावर फणा धरणारा तो मुचलिंद. इथंही नाग आणि पाणी यांची गाठ सुटत नाही. कुणी म्हणेल, घाटातली राणी कुठं आणि गोंदियाचं जंगल कुठं, मध्ये अर्धा महाराष्ट्र पडला आहे. खरं आहे, आणि नागझिऱ्याचं नाव नागनिकेवरून पडलं असं कुणी म्हणूही नये. मुद्दा वंशावळीचा नाही. एकच समजूत एका टोकाला लेखात गोठली आणि दुसऱ्या टोकाला बोलण्यात जिवंत राहिली. उन्हाळ्यात जिथं ओल टिकते तिथं बेडूक आणि उंदीर येतात, त्यांच्यामागे साप येतो, आणि घागर घेऊन आलेल्या बाईला तो पाण्याशी बसलेला दिसतो. ती भीतीपोटी हात जोडते आणि पाण्यासाठी पुन्हा येते. एवढ्या आधारावर हे दैवत दोन हजार वर्षं टिकायला हरकत नाही. नागपंचमीच्या सुमारास विदर्भातली माणसं पचमढीच्या नागद्वारला डोंगर तुडवत जातात, ती याच भक्तीची वेगळी शाखा.

मग असं नाव विरळा का झालं? पुरुषांकडे पाहा. नागनाथ, नागेश, नागोराव, नागोजी, सगळे सुखात नांदले. बायकांच्या वाट्याला नागूबाई, नागाबाई आली, तीही हळूहळू गावाकडच्या म्हाताऱ्यांपुरती उरली. कारण भाषेनं नाग आणि नागीण यांना सारखी वागणूक दिली नाही. नाग देव राहिला, नागीण डूख धरणारी झाली. अंगावर उठणाऱ्या दाहक पुरळाच्या रोगालाही आपण नागीणच म्हणतो. १९७६च्या हिंदी ‘नागिन’नं आणि पुढच्या तशाच सिनेमा-मालिकांनी पुंगीवर डोलणारी, सूड उगवणारी बाई घराघरांत पोचवली. अशा वातावरणात बारशाला नाग उच्चारायला आत्या कचरली तर दोष तिचा नाही. हे सगळं नागिणीचं झालं, नागनिकेचं नव्हे, पण कानाला एवढी फोड जमत नाही.

अलीकडे नाणेघाटात फिरणाऱ्यांची आणि सातवाहनांबद्दल वाचणाऱ्यांची संख्या वाढली, तशी नागनिका हे नाव मुलीला ठेवायची कल्पना पुन्हा सुचू लागली आहे. आक्षेप येतो तो आजी-आजोबांकडून, आणि तो वर सांगितलेल्या नागिणीचाच असतो. तडजोड म्हणून मग नयनिका ठेवतात, डोळ्यांवरून आलेलं गोड नाव म्हणून. ज्यांना राणीच हवी आहे त्यांनी नयनिकेच्या पहिल्या अक्षराला फक्त एक काना द्यावा. मग ते नाव नाणेघाटातल्या पावलांवर कोरलेल्या अक्षरांशी जुळतं, आणि आजीच्या कानाला त्यात साप ऐकू येत नाही.