फुकट पासची कुळकथा

नाटकाला 'हाउसफुल्ल'ची पाटी लागते, सामन्याची तिकिटं तासाभरात संपतात. तरी पहिल्या दोन रांगांत काही मंडळी अशी दिसतात, की ज्यांनी खिशात हात घातलेलाच नसतो. या फुकटच्या खुर्चीचं घराणं मोठं जुनं आहे. मूळ पुरुष शोधायला गेलं, तर थेट प्राचीन रोम गाठावं लागतं.

साल इसवीसनपूर्व 63. मुरेना नावाचा उमेदवार कॉन्सुल या सर्वोच्च पदाची निवडणूक जिंकला आणि लाचखोरीच्या आरोपाखाली लगेच खटल्यात सापडला. ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाहायच्या जागा मतदारांना गटागटाने, म्हणजे आजच्या भाषेत वॉर्डवार, वाटल्याचाही ठपका होता. बचावाला उभा राहिला सिसेरो. निवडणुकीतल्या लाचेविरुद्ध कडक कायदा त्याच वर्षी करून घेणारा कॉन्सुलही तोच! आपल्या माणसांना जागा देणं ही वाडवडिलांपासूनची रीत आहे, असं त्याने सांगितलं. नात्यातल्या, व्हेस्टा देवीच्या एका व्रतस्थ पुजारिणीने स्वतःची राखीव जागा मुरेनाला दिली, तर त्यात त्याचा काय दोष, असंही विचारलं. मुरेना सुटला. 'ही तर आपली पद्धतच आहे' हा बचाव इतका जुना आहे.

रोममध्ये पुढारी देत होता आणि मतदार घेत होता. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत रेल्वे आली आणि गंगा उलटी वाहू लागली. कंपन्यांना जमीन हवी, भाड्यात मोकळीक हवी, कर कमी हवा. हे सगळं आमदारांच्या हाती. रिकाम्या बाकावर एक माणूस जास्त बसवायला कंपनीला जवळजवळ काहीच खर्च येत नव्हता. मग आमदार, न्यायाधीश, संपादक यांच्याकडे दरसाल पास पोचू लागले.

अशा पासला तेव्हा 'खडू लावलेली टोपी' म्हणत. अमेरिकी काँग्रेसचे माजी सदस्य आणि वकील अब्राहम लिंकन यांनी फेब्रुवारी 1856 मध्ये रेल्वेच्या अधिकाऱ्याला लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात एक किस्सा आहे. एकजण शेजाऱ्याची हातगाडी मोडून परत आणतो आणि म्हणतो, जरा दुरुस्त करून ठेव, दुपारी पुन्हा न्यायची आहे. त्याच चालीवर लिंकन लिहितात, ही तुमची जुनी टोपी घ्या आणि नवी पाठवा. संकोचाचा मागमूस नाही. कारण पास घेण्यात वावगं काही आहे असं फारसं कुणाला वाटतच नव्हतं.

वाटायला लागलं ते रेल्वेची दादागिरी शेतकऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना जाचू लागल्यावर. कॅलिफोर्नियाने 1879 च्या राज्यघटनेतच लिहिलं, की आमदाराने पास घेतला तर त्याचं पद गेलं. न्यूयॉर्कने 1894 मध्ये तसंच कलम घातलं. अखेर 1906 च्या हेपबर्न कायद्याने रेल्वे कर्मचाऱ्यांसारखे मोजके अपवाद सोडून आंतरराज्य रेल्वेचे फुकट पास बंद झाले.

ब्रिटनने दुसरी वाट धरली: घ्या, पण नोंदवा. खासदारांच्या हितसंबंधांची नोंदवही 1974 च्या ठरावातून आली. 2024 मध्ये पंतप्रधान झालेल्या केअर स्टार्मर यांना मिळालेल्या बऱ्याचशा भेटी या वहीत रीतसर नोंदलेल्याच होत्या, आणि त्यामुळेच त्या वर्षी बोभाटा झाला. टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमाची चार तिकिटं फुटबॉलच्या प्रीमियर लीगने दिली होती आणि त्याच फुटबॉलवर नियामक बसवायचं विधेयक स्टार्मर यांचं सरकार आणणार होतं. पंतप्रधान झाल्यावर घेतलेल्या काही भेटींचे 6,000 पौंडांहून जास्त पैसे त्यांनी परत केले.

आपल्याकडे तिकिटांचा मोह किती जबर असतो, याचा पुरावा चर्चगेटजवळ उभा आहे. ब्रेबर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. सामन्याच्या जागांत मुंबई क्रिकेट असोसिएशनचा वाटा किती, यावरून क्लबशी वर्षानुवर्षं वाद चालला. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे तेव्हा विधानसभेचेही अध्यक्ष होते. त्यांनी हाकेच्या अंतरावर नवं स्टेडियमच बांधून घेतलं. जानेवारी 1975 मध्ये तिथे पहिली कसोटी झाली.

नियमांचं म्हणाल, तर राज्यसभेच्या आचारसंहितेनुसार कामात बाधा आणेल अशी भेट सदस्याने घेऊ नये. पण किरकोळ भेटी, स्वस्तातली स्मृतिचिन्हं आणि रूढ पाहुणचार चालतो. म्हणजे सिसेरोची 'रीत' इथे नियमातच बसली. सदस्यांच्या हितसंबंधांच्या नोंदवहीत पाच बाबी आहेत: मानधनाची संचालकपदं, नियमित कमाईचं काम, कंपनीवर ताबा देणारे शेअर, सशुल्क सल्लागारी आणि व्यवसाय. भेटींची बाब त्यात नाही.

ती सहावी बाब घालायला हवी. कोणी दिलं, काय दिलं, किंमत किती, आणि देणाऱ्याचं कोणतं काम घेणाऱ्याच्या टेबलावर आहे, एवढं लिहिलं तरी पुरे. ज्या लोकप्रतिनिधीला हे लिहायची लाज वाटेल, त्याने चारचौघांसारखं तिकीट काढून सामना पाहावा.