घरच्या मोटारीचे पॅकिंग : एक लहानसा इतिहास

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांचेच स्मरण होण्याची आपणांस सवय आहे. परंतु एखाद्या प्रदेशाचे जीवन कसे पालटत गेले हे पाहावयाचे असेल, तर कित्येकदा तळहाताएवढी वस्तूही पुरेशी होते. मोटारीच्या इंजिनाला हवा व पेट्रोल यांचे मिश्रण वाटून देणारी नळ्यांची जी जोडणी असते, तिला मॅनिफोल्ड म्हणतात. ही जोडणी व इंजिनाचे हेड यांच्यामध्ये जो पातळ थर बसवितात तो गॅस्केट; कारागिरांच्या बोलीत ‘पॅकिंग’. आजचे भाषण या पॅकिंगविषयी आहे.

एवढ्याशा थराला इतके महत्त्व का? इंजिन मंद गतीने चालते तेव्हा दट्टे हवा ओढीत असतात, परंतु कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते. त्यामुळे नळीतील दाब उतरतो. समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३० इंच धरला, तर निरोगी इंजिनाच्या नळीत तो त्याहून १५ ते २० इंचांनी कमी असतो. पॅकिंग चिरले की बाहेरची हवा त्या फटीतून आत घुसते, मिश्रणातील पेट्रोलचा अंश घटतो, इंजिन थरथरते आणि सिग्नलपाशी बंद पडते. दोष केसाएवढ्या फटीचा असतो. मालक मात्र कार्बोरेटरचे स्क्रू पिळीत बसतो!

ही दुरुस्ती आमच्याकडे गृहस्थाच्या अंगणापर्यंत कशी पोहोचली, याचे उत्तर मोटारधंद्याच्या इतिहासात आहे. १९२८ साली शिवडी येथे जनरल मोटर्सने परदेशी भाग जुळवून मोटारी बनविण्याचा कारखाना काढला. सोलापूरचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद यांना मात्र मोटार देशातच घडवावयाची होती. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि ठाण्याच्या वाटेवरील कुर्ल्यास तिचा कारखाना उभा राहिला. सरकारने केवळ जुळणी करणाऱ्यांना प्रोत्साहन न देण्याचे धोरण स्वीकारल्यावर जनरल मोटर्सने १९५४ साली आपले काम आटोपले. कुर्ल्यास फियाट ११०० तयार होऊ लागली. तिचाच पुढचा अवतार १९७० नंतरच्या दशकात ‘पद्मिनी’ या नावाने घरोघरी ठाऊक झाला.

त्या काळी उत्पादन परवान्याने बांधलेले, आयात जवळजवळ बंद. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. हाती आलेली गाडी मग कोण टाकून देणार? ती वीस-वीस वर्षे चालविण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याचे वागळे इस्टेट व डोंबिवलीची औद्योगिक वसाहत यांमुळे फिटर व टर्नर चाळीचाळीत राहू लागले. शेजारी असा जाणकार असला की रविवारी सकाळी पाने, रॉकेल आणि फडकी घेऊन बॉनेट उघडले जाई.

आता कृती ऐका. इंजिन पूर्ण गार असावे. बॅटरीची तार प्रथम सोडवावी. हवेची गाळणी, पेट्रोलची नळी व कार्बोरेटर काढावा. मॅनिफोल्डचे नट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करावे. गंजलेल्या स्टडवर जोर करू नये; आदल्या रात्री तेल सोडून ठेवावे. हेडची भोके स्वच्छ फडक्याने बुजवावी, नाहीतर खरवडलेला कचरा सिलिंडरात जातो. पृष्ठभागावर पोलादी पट्टी धरून तो सपाट आहे की नाही हे पाहावे. वाकलेल्या पृष्ठावर नवे पॅकिंगही टिकत नाही. फडकी काढून, मोजून घ्यावी, आणि मगच पॅकिंग बसवावे. नट आवळताना क्रम उलटा, म्हणजे मध्यापासून कडांकडे, दोन-तीन फेऱ्यांत. शेवटी इंजिन तापवून, पुन्हा गार झाल्यावर, ते एकदा तपासावे.

तयार पॅकिंग न मिळाल्यास कारागीर पत्रा हेडवर धरून हातोडीने कडा ठोकीत आणि भोकांचा आकार अचूक कापून घेत. हे कौशल्य प्रशंसनीय होते. परंतु याच जागी एक काळी बाजू आहे. त्या पत्र्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असे. जुने पॅकिंग कोरडे खरवडून धूळ तोंडाने फुंकणे ही नित्याची रीत होती. त्या अदृश्य तंतूंनी फुप्फुसांचा कर्करोग होतो, आणि तोही कित्येक वर्षांनी. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांचे आरोग्य हा त्यांचा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. परंतु अंगणातल्या हौशी दुरुस्तकाला कोणी बजावले? म्हणून आजही जुन्या गाडीचे पॅकिंग काढणाराने ते ओले करून, ओल्या फडक्याने पुसावे. फुंकर कदापि मारू नये, आणि कचरा बंद पिशवीत घालावा.

पुढे काळ फिरला. १९८३ साली मारुती आली, १९९३ साली परवाने उठले. कल्याणच्या परिसरातील प्रीमियरच्या कारखान्यात प्यूजो ३०९ ही गाडी निघू लागली. पण तो उद्योग काही वर्षांतच बंद पडला आणि मालक सुट्या भागांसाठी वणवण फिरू लागले. पुढे नव्या गाड्यांतून कार्बोरेटरही गेला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

जुने ते सारे सोने, असे मी म्हणत नाही. त्या टंचाईने माणसे त्रासली, आणि त्या धुळीने काहींचे आयुष्य उणे झाले असेल. परंतु बिघडलेली वस्तू फेकण्यापूर्वी ती उघडून पाहावी, कारण शोधावे आणि मगच हात घालावा, ही शिस्त त्या टंचाईतून उपजली. टंचाई गेली हे बरे झाले. शिस्तही तिच्याबरोबर जाऊ नये, एवढे आपण पाहिले पाहिजे.