किरणमण्यांचा माग : ट्रॉम्बे ते परळ

यकृताच्या गाठीत धमनीवाटे किरणोत्सारी मणी सोडण्याच्या उपचाराला रेडिओएम्बोलायझेशन म्हणतात. यकृताला बहुतांश रक्त पोर्टल शिरेतून मिळते, गाठ मात्र मुख्यतः धमनीवर पोसते. ब्रीडिस आणि यंग यांनी १९५४ मध्ये हे दाखवले. आदल्याच वर्षी स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुई आणि तारेच्या आधाराने जांघेतल्या धमनीत कॅथेटर सरकवण्याची रीत मांडली होती.

मण्यांसाठी निवड झाली इट्रियम-९० ची. त्याचे अर्धायुष्य ६४ तास. त्याचे बीटा कण पेशीजालात सरासरी अडीच आणि फार तर ११ मिलिमीटर जातात, त्यामुळे शेजारचे निरोगी यकृत बरेचसे वाचते. पण शरीराबाहेरच्या कॅमेऱ्याला हेच कण दिसत नाहीत, आणि या उपचाराचा पुढचा इतिहास बव्हंशी ही अडचण सोडवण्याचा आहे. १९६० च्या दशकातील सुरुवातीच्या मण्यांतून इट्रियम पाझरून अस्थिमज्जेत पोचत असे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील मिसुरीत इट्रियम काचेतच कोंडून मग ती अणुभट्टीत किरणोत्सारी करण्याची युक्ती निघाली आणि पाझर थांबला.

दिसण्याचा प्रश्न तोतयाने सोडवला. मण्यांसारखेच केशवाहिन्यांत अडकणारे, टेक्नेशियम-९९एम लावलेले अल्ब्युमिनचे कण आधी सोडायचे आणि ते कुठे गेले ते गॅमा कॅमेऱ्यावर पाहायचे. याला मॅपिंग म्हणतात. कॅथलॅबमध्ये डाय सोडून धमनीच्या फांद्या पाहिल्या जातात. जठराकडे जाणारी फांदी धोक्याची वाटली तर ती कॉइलने बंद करतात. कण फुप्फुसात किती निसटले तेही मोजतात, कारण एका वेळी फुप्फुसाला ३० ग्रेपेक्षा जास्त मात्रा जाऊ द्यायची नाही असा दंडक आहे. स्कॅनला उशीर झाला तर सुटे झालेले टेक्नेशियम जठरात उमटते आणि नसलेल्या गळतीची भीती घालते. तोतया शेवटी तोतयाच. खऱ्या मण्यांची वाटणी नेहमी त्याच्याबरहुकूम होत नाही.

खडवलीहून कसारा लोकलने येऊन दादरला उतरणाऱ्या आणि तिथून ‘टाटा’ला जाणाऱ्या रुग्णाला अशा उपचारात निदान दोन फेऱ्या पडतात, एक मॅपिंगची आणि दुसरी मण्यांची. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ चे. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे आले आणि १९६३ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर परळमध्येच उभे राहिले. कर्करोग आणि अणुभट्टी एकाच खात्याकडे असण्याचा हा योग पुढे कामी आला. परदेशी मणी महाग, शिवाय प्रवासात त्यांची ताकद दर ६४ तासांनी निम्मी होणार. ट्रॉम्बेच्या भाभा केंद्राने इट्रियम-९० चे स्वदेशी काचमणी तयार केले. त्यांचे नाव ‘भाभास्फिअर’.

मणी सोडल्यावर ते खरेच कुठे बसले, हे आधी ब्रेम्सस्ट्रालुंगवरून पाहत. बीटा कण पेशीजालात मंदावताना निघणारे ते क्ष-किरण, त्यामुळे चित्र धुरकट येई. २००९ च्या सुमारास पेट स्कॅनचा मार्ग खुला झाला. इट्रियम-९० च्या दर दहा लाख विघटनांत जेमतेम ३२ वेळा पेट स्कॅनला लागणारा पॉझिट्रॉन निघतो. संवेदनशील यंत्राला दीर्घ स्कॅनमध्ये तेवढेही पुरते. त्यावरून गाठीला पोचलेली मात्रा ग्रेमध्ये काढता येते, आणि एखादा भाग सुटला असेल तर पुढच्या उपचारापूर्वीच तो कळतो.