वसंताच्या नोंदवह्या

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात, नॉरिच शहराच्या उत्तरेला स्ट्रॅटन स्ट्रॉलेस नावाचे गाव आहे. तेथील जमीनदार घराण्यातील रॉबर्ट मार्शमने 1736 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, घराच्या आवारात दिसणाऱ्या वसंताच्या खुणा तारखेनिशी टिपायला सुरुवात केली. हिवाळा सरतासरता उमलणारे स्नोड्रॉपचे पांढरे फूल, तेरा जातींच्या झाडांची पहिली पालवी, परतलेली भिंगरी, बेडकांचा पहिला आवाज, पिवळे फुलपाखरू अशा एकूण सत्तावीस खुणा त्याने ठरवल्या होत्या. झाडे लावणे आणि वर्षानुवर्षे त्यांच्या बुंध्यांचा घेर मोजणे हा त्याचा ध्यास. पालवीची तारीख टिपणे हा त्याचाच पुढचा भाग होता. हा तक्ता 1789 साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षाची मुद्रा असलेले सेलबोर्नच्या गिल्बर्ट व्हाइटचे निसर्गेतिहासाचे पुस्तक वाचून मार्शमने त्याला पत्र लिहिले, आणि उतारवयातील या दोघांचा स्नेह जुळला. व्हाइट हा धर्मोपदेशक. 1751 पासून तो आपल्या बागेचे दिनमान लिहीत होता. 1780 साली आत्याच्या मृत्यूनंतर तिच्याकडचे टिमथी नावाचे कासव त्याच्या बागेत आले. नोव्हेंबरात ते जमिनीत शिरे आणि एप्रिलच्या मध्याला वर येई. व्हाइटच्या दृष्टीने तीही वसंताचीच खूण. पुढे टिमथीची पाठ लंडनच्या संग्रहालयात गेली आणि तिच्यावरून कळले की ती मादी होती. ज्याने तिला रोज न्याहाळले, त्याला हे ठाऊक नव्हते.

मार्शमच्या वहीचेही असेच झाले. 1797 साली तो वारला. पण मधला काही काळ वगळता त्याच्या वंशजांनी 1958 पर्यंत या नोंदी चालू ठेवल्या. 1659 पासूनची मध्य इंग्लंडची तापमाने उपलब्ध आहेत. त्यांच्याशी या तारखा ताडून स्पार्क्स आणि केरी या संशोधकांनी 1995 साली दाखवले की उष्णता वाढली की खुणा लवकर येतात, मात्र सगळ्यांची घाई सारखी नसते. हवामान बदलेल, ही शंका वही सुरू करणाऱ्या मार्शमच्या मनात असण्याचे कारण नव्हते. त्याला फक्त आपली झाडे कळून घ्यायची होती.

नोंदी थांबल्या त्याच 1958 साली हवाई बेटांवरील मौना लोआ येथे हवेतील कार्बन डायऑक्साइडचे अखंड मापन सुरू झाले. वसंत का सरकतो आहे, हे तिथल्या आकड्यांतून उमगू लागले. पण तो सरकला आहे हे सांगायला आधीचा वसंत कुणीतरी लिहून ठेवलेला असावा लागतो. तो लिहिलेला नसता, तर ‘पूर्वी पालवी उशिरा फुटायची’ हे म्हाताऱ्या माणसांचे बोलणे आठवणीचा भ्रम म्हणून सोडून द्यावे लागले असते.